आज आम्हाला दे

काल रात्री वहीत लिहिलेली पहिली ओळ अशी आहे, 'पप्पांनी शर्टाची वरची दोन बटणं स्वतः लावली, डाव्या हाताने, मी मध्ये हात घातला नाही.' दुसरी, 'आईला सलग पाच तास झोप लागली.' तिसरी, 'दुपारी ऊन थेट पलंगावर आलं आणि पप्पा बराच वेळ त्यात हात धरून बसले होते.'

रोज तीनच ओळी लिहायच्या, जास्त नाही, कमी पण नाही. चौदा महिने झाले, दुसरी वही चालू आहे. कुणी विचारलं की तू एवढ्या सगळ्यात शांत कशी राहतेस तर मला काय सांगावं कळत नाही, कारण मी शांत वगैरे नसते, मी फक्त रात्री झोपायच्या आधी तीन ओळी लिहिते आणि त्या देवाला वाचून दाखवते. आज जरा सविस्तर लिहावंसं वाटलं म्हणून बसले.

पप्पांना स्ट्रोक आला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला, त्यामुळे उजवा हात उजवा पाय गेला आणि त्याहून मोठं म्हणजे बोलणं गेलं. समोरचा काय म्हणतो ते बरंचसं कळतं पण शब्द बाहेर येत नाही, पाणी हवं असलं तरी 'पाणी' हा शब्द सापडत नाही. अफेझिया म्हणतात त्याला. ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या घरात जेवणाआधी प्रार्थना केली, रोज, न चुकता, आणि रोज वेगळ्या शब्दांत, त्याच माणसाचे शब्द गेले. पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर आम्ही जेवायला बसलो आणि सवयीने सगळ्यांनी डोळे मिटले, आणि कुणीच काही बोललं नाही. ती शांतता मी विसरणार नाही. शेवटी आईने नुसतं 'आमेन' म्हटलं आणि आम्ही जेवलो.

त्या दिवसांत भेटायला येणारी माणसं प्रेमाने यायची, पण त्यातल्या एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की देवाची काहीतरी योजना असेल, या आजारासाठीसुद्धा त्याचे आभार मान, बायबलच्या वचनात तसंच लिहिलंय. मी मान हलवली आणि आत जाऊन दार लावून रडले. आजारासाठी आभार? माझ्या तोंडून ते निघेना. आणि निघत नाही म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय असं वाटून दुप्पट त्रास. मग बरेच दिवस मी प्रार्थनाच केली नाही, चर्चला जायचे, उभी राहायचे, बसायचे, परत यायचे.

एकदा रात्री पप्पांच्या शेजारी जागी होते तेव्हा ते वचन उघडून बघितलं, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, म्हणजे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' लहानपणापासून पाठ असलेलं वचन आणि त्यातला 'स्थितीत' हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. स्थितीत. स्थितीसाठी नाही. पौल म्हणत नाही की आजाराचे आभार मान, तो म्हणतो आजारात असतानाही आभार मानायचं सोडू नकोस, आणि या दोन्हींत जमीन अस्मानाचा फरक आहे. दुसरं म्हणजे हे त्याने कुणाला लिहिलं? प्रेषितांची कृत्ये १७ वाचलं तर कळतं, थेस्सलनीकात दंगल झाली, बांधवांना अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं, पौलाला रातोरात शहराबाहेर पाठवावं लागलं. म्हणजे ज्यांच्यावर खरोखर संकट होतं अशा माणसांना लिहिलेली ही ओळ आहे आणि लिहिणारा स्वतः त्याच संकटातून गेलेला आहे. आपण ती फ्रेम करून भिंतीवर लावतो तेव्हा हे सगळं गळून जातं.

आणि रडण्याबद्दल. मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की शास्त्रात रडायला भरपूर जागा आहे. स्तोत्र १३ सुरू होतं तेच 'किती वेळ' असं विचारत, पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारलंय. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेचं वाक्य नाही, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. सगळ्यात जास्त मला योहान ११ ने धरून ठेवलं. आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना येशू रडला, ३५ वं वचन, आणि त्यानंतर सहाच वचनांनी, ४१ व्या वचनात, तोच येशू कबरेसमोर उभा राहून पित्याचे आभार मानतो. लाजर अजून जिवंत होऊन बाहेर आलेला नाही. धोंड नुकतीच बाजूला केली आहे. डोळे अजून ओले असतील त्याचे. रडणं आणि आभार एकाच माणसाच्या तोंडी, एकाच जागी. मग मला कुणी सांगायची गरज राहिली नाही की आभार मानायचे असतील तर आधी डोळे पूस.

वही मात्र यातून सुरू झाली नाही, ती मान्न्यातून सुरू झाली.

निर्गम १६ आपल्याला संडे स्कूलमध्ये गोष्ट म्हणून माहीत असते. मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात भुकेने कुरकुर करतात, देव सकाळी जमिनीवर काहीतरी बारीक बारीक पसरवतो, लोक बघून विचारतात 'हे काय आहे?' आणि त्या प्रश्नावरूनच त्याचं नाव पडतं, मान्ना. मला हे फार आवडतं, की देवाने दिलेल्या अन्नाचं नाव 'हे काय आहे' असं आहे, म्हणजे बघणाऱ्याला पहिल्यांदा ओळखूच आलं नाही की हे आपल्यासाठी आलेलं आहे. आणि नियम असा की एका दिवसापुरतंच गोळा करायचं. ज्यांनी उद्यासाठी ठेवलं त्याच्यात किडे पडले, वास सुटला. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढं दुप्पट. ऊन तापलं की उरलेलं वितळून जायचं, म्हणजे सकाळी उठून वाकून वेचावंच लागायचं. असं ४० वर्षं.

माझं आभार मानणं आजपर्यंत साठवणीचं होतं हे मला तेव्हा कळलं. वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेत एकदम वर्षभराचे आभार, वाढदिवसाला आभार, नोकरी लागली तेव्हा चर्चमध्ये उभं राहून साक्ष. ते खोटं नव्हतं, पण त्या साठ्यावर स्ट्रोकनंतरचा एक मंगळवारसुद्धा निघाला नाही. कालचा मान्ना आज चालत नाही. कालची कृतज्ञता पण चालत नाही, आज परत वाकायचं.

याची दुसरी बाजू गणना ११ मध्ये आहे आणि ती मला जास्त ओळखीची वाटते. तोच मान्ना, तीच सकाळ, पण आता लोक म्हणतात आमच्या डोळ्यांसमोर याच्याशिवाय दुसरं काही नाही, आणि त्यांना मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. यादी किती व्यवस्थित आठवते बघा, आणि तिथली गुलामगिरी मात्र त्या यादीत नाही. माझंही तेच व्हायचं. आजारपणाआधीचे दिवस मला एवढे सुंदर दिसायला लागले होते की त्या दिवसांतही मी रोज रात्री दमलेली, वैतागलेली असायचे हे मी विसरून गेले होते. तेव्हा पप्पा बोलायचे आणि मी मोबाईलमध्ये बघत हं हं करायचे. हे लिहिताना अजून घशात येतं.

त्याच निर्गम १६ मध्ये शेवटी देव सांगतो की एक भांडं मान्ना भरून ठेवा, पुढच्या पिढ्यांना दिसावं म्हणून. म्हणजे खायला साठवायचं नाही, पण आठवणीला एक भांडं ठेवायचं. माझी वही ते भांडं आहे असं मी मानते.

आता वहीबद्दल, कारण एका मैत्रिणीने विचारलं होतं की मीही सुरू केलेली, आठवड्यात बंद पडली. माझीही पहिल्यांदा बंद पडली होती. मी लिहायचे 'कुटुंबासाठी आभार, आरोग्यासाठी आभार, देवाच्या प्रेमासाठी आभार' आणि चौथ्या दिवशी तेच तेच लिहून हात थांबला. मोठे शब्द पटकन रिकामे होतात. नंतर मी ठरवलं की फक्त त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेलं किंवा कानांनी ऐकलेलं लिहायचं, आणि मग बदल असा झाला की दिवसभर मी बघायला लागले. आज काय लिहू हा प्रश्न दुपारपासूनच मनात असतो. पप्पांना आधार देऊन खुर्चीत बसवताना त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, ती पकड आधी किती ढिली होती आणि आता किती घट्ट आहे हे माझ्या लक्षात आलं ते वहीमुळे. काही रात्री तिन्ही ओळी सापडत नाहीत, तेव्हा मी बसून राहते. एकदा फक्त 'पंखा चालू आहे' एवढंच लिहिलं होतं, खरंच त्या रात्री तेवढंच होतं, पण ते देवाला वाचून दाखवताना मला रडू आलं कारण ते खरं होतं.

आणि हो, वाचून दाखवणं हे माझ्यासाठी महत्त्वाचं. नुसतं लिहिलं तर मन हलकं होतं, चांगलंच आहे, पण आभार म्हटलं की समोर कुणीतरी लागतं. कुणाचे? माझ्या विश्वासाचा सगळा जोर त्या एका प्रश्नावर आहे.

लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी. दहाही जणांनी येशूला हाक मारली, दहाही जणांनी ऐकलं आणि याजकांकडे निघाले, दहाही वाटेत शुद्ध झाले. आभार मानायला परत आला एक, तोही शोमरोनी, परक्या समाजातला, म्हणजे ज्याच्याकडून कुणी अपेक्षाच केली नव्हती. मला त्या नऊ जणांचा राग येत नाही. किती दिवसांनी घरी जायला मिळणार होतं त्यांना, मुलाबाळांना हात लावायला मिळणार होता, मी पण धावत घरीच गेले असते. पण येशू विचारतो की ते नऊ कुठे आहेत, आणि तो प्रश्न मला टोचला कारण पप्पांना घरी आणून दोन महिने झाले होते आणि वॉर्डमध्ये रात्री त्यांची कूस बदलणाऱ्या आया होत्या, त्यांना मी साधं थँक्यू पण म्हटलं नव्हतं. डिस्चार्जच्या गडबडीत राहून गेलं. मग एका संध्याकाळी मुद्दाम गेले. त्यांना आधी आम्ही आठवलोच नाही, एवढे पेशंट येतात. मी पप्पांचं वर्णन केलं तेव्हा म्हणाल्या, 'ते होय, बोट धरून ठेवायचे ते बाबा?' मला माहीतच नव्हतं की पप्पा रात्री त्यांचं बोट धरून ठेवायचे. मी परत गेले नसते तर हे मला कधीच कळलं नसतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

साधारण सहाव्या महिन्यात, रात्रीचं जेवण, आईने सांगितलं की आज प्रभूची प्रार्थना म्हणूया, स्वतःचे शब्द सुचत नाहीत मला. आम्ही सुरू केलं, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', आणि दुसऱ्या ओळीपासून एक तिसरा आवाज आला. जड, घोगरा, पण शब्द स्पष्ट. पप्पा म्हणत होते. आई थांबली, मी तिचा हात दाबला आणि आम्ही तसंच पुढे म्हणत राहिलो कारण थांबलो तर ते थांबतील अशी भीती वाटली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे त्यांनी आमच्याबरोबर पूर्ण म्हटलं. पुढे 'ऋणे' वर अडकले, मग परत सापडलं, आणि आमेन सगळ्यांनी एकत्र म्हटलं. त्यानंतर मी विचारलं, पप्पा पाणी देऊ का, तर त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही.

स्पीच थेरपिस्टना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या असं होतं, वाक्य जुळवून बोलणं वेगळं आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं, म्हणजे प्रार्थना, गाणी, आकडे मोजणं, ते वेगळं, त्याला मेंदूतली उजवी बाजूसुद्धा हात देते म्हणून ते कधी कधी वाचतं. म्हणजे चमत्कार म्हणू का नको हे मला कळत नाही आणि मला त्याचा निर्णय लावायचा पण नाही. शरीर असं बनवलंय की जे रोज म्हटलं ते इतकं खोल जाऊन बसतं, की वरचं सगळं वाहून गेलं तरी ते राहतं. पप्पांनी सत्तर वर्षांत किती हजार वेळा ती ओळ म्हटली असेल. 'आज आम्हाला दे.' उद्याचं मागितलेलंच नाही त्यात.

तेव्हापासून जेवणाआधीची प्रार्थना परत पप्पांकडे आहे. रोज तीच, प्रभूची प्रार्थना, स्वतःचे शब्द नाहीत. आम्ही हळू म्हणतो म्हणजे त्यांना गाठता येतं. माझं नाव त्यांना अजून घेता येत नाही. हाक मारायची असेल तर टेबलावर डाव्या हाताने दोनदा थाप मारतात.

आत्ता मारली. जाते, शर्ट घालायची वेळ झाली, आज तिसऱ्या बटणाचा प्रयत्न करायचा आहे.