गोल आधी काढायचा: आमच्या चोक ट्यूबच्या दुकानाची वाटचाल

चोक ट्यूब म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडात बसवायची आखूड नळी, छर्‍यांचा झोत आवळणारी. आमच्या कॅटलॉगात छर्‍यांचा आकडा छापत नाही, म्हणून आजवर किती बोलणी खाल्ली त्याला हिशोब नाही. "४० यार्डांवर १० इंची गोलात किती बसतात?" हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. ते तुमची नळी आणि तुमचं काडतूस ठरवेल, एकट्या ट्यूबचं ते काम नाही, असं म्हटलं की गडी शेजारच्या स्टॉलवर. तरी अमेरिकेतल्या मिसूरीत टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी चोक ट्यूब करत वीस वर्षांच्या वर टिकलोय.

हात तयार झाला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, इंजिनाचे लायनर बोअर करताना. गावाकडचे अजून विचारतात, हे शिकारीचं सामान कसलं करतोस? आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार संपली, इथं मात्र वसंतात टर्कीचा रीतसर हंगाम असतो, परवाना घेऊन. मिसूरीत टर्की जवळजवळ नाहीसे झाले होते. पकडून, दुसरीकडं नेऊन सोडून पुन्हा वाढवले आणि १९६० साली पहिला वसंत हंगाम उघडला. हे त्यांना फोनवर पटत नाही, मीही आता सोडून दिलंय.

पहिला भागीदार इथलाच, गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. नुसत्या ट्यूबला लायसन्स लागत नाही, पण गिऱ्हाइकाच्या बंदुका ठेवून घेऊन कामाचा धंदा करायचा तर लागतं, ते त्याचं होतं. त्याच्या गॅरेजात जुना साउथ बेंड लेथ होता. बेड घासलेला, पण त्याची खोड कळली की दोन थाऊत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काम देई. मी आणला तो डायल बोअर गेज, नळीचा आतला व्यास मोजणारा. १२ बोअरची नळी पुस्तकात ०.७२९ इंच, हातात येते ती ०.७२५ पण असते, ०.७३५ पण. बॅकबोअर केलेल्या, म्हणजे आतून मोठ्या केलेल्या, ०.७४२ च्या आसपास, आणि मॉसबर्ग ८३५ तर थेट ०.७७५. ट्यूबचं मागचं तोंड नळीपेक्षा दोन-चार थाऊ मोठं पाहिजे म्हणजे पाहिजेच. कमी झालं की वॅड, म्हणजे काडतुसातला बूच, त्या ओठावर आपटतो, आणि एखाद्या दिवशी ट्यूबच नळीतून सुटून पुढं जाते. तिथून उतार आणि शेवटी सरळ भाग. या सरळ भागात छर्‍यांचा गठ्ठा जरा स्थिरावतो. तो आखूड करून पैसे वाचवणारे पुष्कळ आहेत. आम्ही १७-४ स्टेनलेस वापरतो, हार्डनिंगनंतर शेवटचा हात होनचा, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचा, आणि आटे नळीच्या मध्याशी जुळतात का ते प्रत्येक ट्यूबला इंडिकेटर लावून बघायचं. आटे तिरके तर पॅटर्न, म्हणजे कागदावर छर्रे पडतात तो ठसा, तिरका. मग कितीही घट्ट चोक लावा, छर्रे टर्कीच्या डोक्याशेजारच्या झाडात.

मधली वर्षं ऑर्डरी आल्या, ट्यूबा गेल्या.

मग एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर आली. त्यांच्या भरवशावर कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घेतलं. माल गेला आणि त्याच हंगामात शेजारच्या राज्यातल्या एकानं तसलीच ट्यूब आणली, पाकिटावर ठळक आकडा. आमच्यापेक्षा वीस-पंचवीस छर्रे जास्त. साखळीच्या खरेदीवाल्यानं मला विचारलं, तुमचा आकडा का छापत नाही? मी सांगितलं, हा माणूस आधी बार टाकतो, मग जिथं छर्रे दाट पडलेत तिथं गोल काढतो. आम्ही नेम धरतो त्या ठिपक्याभोवती गोल आधी काढतो. टर्कीचं डोकं काही छर्रे बघून जागा बदलत नाही. खरेदीवाला हसला. हंगाम संपला तसा आमचा माल परत आला, खोक्यांसकट. बँकेचा हप्ता मात्र परत जात नाही. भागीदारानं त्या उन्हाळ्यात अंग काढून घेतलं, लायसन्सही गेलं, आणि आमच्या हिच्या पगारावर घर चाललं.

त्या पडत्या काळात मामा उभे राहिले. मामा म्हणजे पलीकडच्या काउंटीतले सोयाबीनवाले शेतकरी; आमच्या हिनंच त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली. जुनी रेमिंग्टन ८७०, तिचं बट टेप लावलेलं. दर मार्चमध्ये कागदाची गुंडाळी घेऊन यायचे आणि बाकावर बसून एकेका भोकावर पेननं टिंब देत मोजायचे. मधे बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मामांनी दोन्ही ट्यूबा विकत घेतल्या, आमचीसुद्धा. फुकट घ्यायला तयार नाहीत. खाद्याच्या दुकानामागं फळी उभी केली, एकच बंदूक, एकाच खोक्यातली काडतुसं, कागदावर गोल आधीच काढलेला. त्या दुसऱ्या ट्यूबचा दाट भाग वीतभर डावीकडं. चार शेतकऱ्यांनी स्वतः मोजलं. तिथून बियाण्यांच्या दुकानांतून ऑर्डरी यायला लागल्या, आणि हप्ते कसेबसे फिटले. तो पाकिटवाला आजही आमच्या कितीतरी पट विकतो, ते वेगळं.

२०१८ च्या सुमारास टंगस्टनची तयार काडतुसं मोठ्या कंपन्यांनी आणली. घनता १८, शिसं ११ च्या आसपास. छर्‍यांचा नंबर वाढतो तसा छर्रा बारीक. ५ नंबरच्या शिशाचे औंसाला १७० छर्रे. ९ नंबरच्या टंगस्टनचे साडेतीनशेच्या वर, आणि घुसायला त्याच्या तोडीस तोड. शिशाला मानवणारी, पुढचं तोंड ०.६४० इंचाचं असलेली घट्ट ट्यूब टंगस्टनला बहुतेक बंदुकांत नको असते, ०.६६५ च्या पुढं बरी. लोक आता ४१० बोअरची, बारीक नळीची पोरासोरांची बंदूक घेऊन टर्की मारतात.

न विचारता एक सांगतो. ४० यार्डांचा कागद सगळे भिंतीला लावतात, २० यार्डांवर कुणी बार टाकून बघत नाही. घट्ट चोकचा पॅटर्न तिथं मुठीएवढा असतो. टर्की मान हलवतच चालतो, आणि जवळ आलेला तो असाच सुटतो. दुसरं, रानात लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं. मोजेसुद्धा बघून घाला.

२०२५ च्या फेब्रुवारीत चीननं टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, तेव्हापासून काडतुसांचे भाव बघून जुनी गिऱ्हाइकं शिशाकडं वळलीत. ०.६४० चे रीमर, म्हणजे भोक मापाला आणायची हत्यारं, पुन्हा धार लावून घेतलेत. हंगाम एप्रिलात असतो, तेव्हा ऑर्डर फेब्रुवारीत द्या. नळीचं माप ठाऊक नसेल तर नुसती नळी पाठवा, बंदूक नको. पाठवताना आतलं तेल पुसून पाठवा, गेज घसरतो.