गरी ओठातून घालायची की पाठीतून?

पौष वद्य दशमी. पहाटेचे सहा वाजले होते आणि देवबागच्या खाडीवर धुकं अगदी पाण्याला टेकलं होतं. मामा गुडघाभर पाण्यात उभे. पागेचा एक काठ दातांत धरलेला, अर्धं जाळं डाव्या खांद्यावर. मी काठावर बादली घेऊन थांबलो होतो. पाण्यावर बारीक सुरकुती दिसली तशी मामांनी कमरेतून गिरकी घेतली आणि पाग हवेत गोल उघडून पडली. शिशाच्या गोळ्यांचा तो छन्न आवाज मी लहानपणी ऐकला होता. मधल्या कितीतरी वर्षांत त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

पागेत बोटभर लांबीच्या पंधरा-वीस बोया, म्हणजे खाडीतले लहान मासे, आल्या. त्या आम्हाला खायच्या नव्हत्या, मोठ्या माशासाठी आमिष म्हणून जिवंत ठेवायच्या होत्या.

मी आलो होतो याच कामासाठी. दोन रात्रींपूर्वी दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडली, आदल्या दिवशी सकाळी कुडाळला उतरलो, मालवणपर्यंत रिक्षा आणि पुढे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधोमध माडांची ती चिंचोळी पट्टी. समोर भोगवे. रस्त्याबद्दल एवढंच. काजूला मोहोर आला होता, त्याचा वास मात्र वाटभर सोबत होता.

नोकरीच्या निमित्ताने मी अमेरिकेत मिनेसोटात दोन हिवाळे काढले. तिथे तळी गोठतात. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय त्यावर पायी जाऊ नये, असं तिथे बजावून सांगतात. मग लोक मोठ्या गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचं भोक पाडतात, झाऱ्याने त्यातला बर्फाचा चुरा काढून टाकतात आणि खाली गळ सोडतात. गळाला जिवंत मिनो लावतात. मिनो म्हणजे गोड्या पाण्यातले बोटाएवढे मासे. मिल लॅक्स नावाच्या अवाढव्य तळ्यावर मी पहिल्यांदा हे केलं. वजा अठरा अंश तापमान, हातमोजा काढला की बोटं बधिर, आणि त्या बधिर बोटांनी वळवळणारा मासा गळाला लावायचा. माझे पहिले चार मिनो गळाला लावता लावताच मेले. शेजारच्या भोकावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न बोलता माझ्या हातातून पाचवा घेतला, पाठीवरच्या पराच्या जरा खाली, कण्याच्या वरच्या मांसातून गळ पार केला आणि मासा पाण्यात सोडला. तो आडवा, सरळ पोहायला लागला, गळ लागलाच नसल्यासारखा.

कण्याला धक्का लागला की मासा लुळा पडतो, फार खोल गेलं तर आतडी फाटतात. मधे जागा आहे ती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. मिनेसोटात मी ती जागा शिकलो, आणि शिकलेलं सगळीकडे चालेल असं धरून बसलो.

होडी तिवरांच्या कडेने खाडीत शिरली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातला भरती पुरी, मग थोडा वेळ पाणी ठरणार आणि नंतर सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीची भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती-ओहोटी, नुकतीच सरली होती, त्यामुळे ओढ बेताची असणार होती. उधाणाच्या ओढीत जिवंत आमिष टिकत नाही, म्हणून मामांनी हाच दिवस निवडला होता. तिवरांतून एक लहान ओहळ खाडीला मिळतो. सुकतीला त्यातून बारीक मासळी बाहेर ओढली जाते आणि तोंडाशी मोठे मासे वाट बघत असतात. मामांनी तिथे नांगर टाकला.

बोया ठेवल्या होत्या भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबा होडीच्या कडेला दोरीने बांधून पाण्यात सोडलेला. मिनेसोटात साध्या बादलीत मिनो दिवसभर जगायचे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: शून्य अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, सत्तावीस अंशाला जेमतेम ८, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. कोकणातल्या उन्हात बादलीतली बोय तासाभरात उलटी होते. मामांना हे आकडे ठाऊक नाहीत, पण डब्याला भोकं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. तेव्हा डबा नव्हता, बांबूची टोपली होती.

मी हात घातला तसे मामा म्हणाले, “असो धरू नको. आधी हात ओलो कर.”

कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. तो थर हेच त्याचं चिलखत. मी हात बुडवला, बोय मुठीत घेतली आणि मोठ्या आत्मविश्वासाने गरी, म्हणजे गळाचा आकडा, पाठीत घातली. अगदी बरोबर जागी. पाण्यात सोडली, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल केली. बोय छान पोहत होती, कारण पाणी अजून ठरलेलं होतं. आठ वाजून गेले, सुकती लागली आणि तंगूस ताठ झाली. पाच मिनिटांनी ओढून बघतो तर बोय मेलेली, तोंड उघडं.

मामांनी ती हातात घेऊन बघितली. “पाण्याची ओढ बघ. पाणी ठरला तर पाठीत, ओढ असा तर ओठात.”

मग त्यांनी लावून दाखवली. बोयीचं डोकं अंगठा आणि तर्जनीत, पोट तळव्यात विसावलेलं. गरीचं टोक खालच्या ओठाखालून वर, वरच्या ओठातून बाहेर. आवळायचं नाही, ओढायचं नाही. ओठातून बांधलेली बोय ओढीला तोंड करून राहते, पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर जातं, श्वास चालू राहतो. पाठीतून बांधलेली ओढीत आडवी होते, उलटी फिरते, आणि मासा असून पाण्यात गुदमरते. गोठलेल्या तळ्याखाली पाणी जवळजवळ स्थिर असतं, तिथे पाठच बरोबर. तो म्हातारा चुकला नव्हता आणि मामाही चुकले नव्हते. मी दोन पाण्यांना एक समजलो होतो.

कोळंबी लावायची तऱ्हा आणखी नाजूक. तिच्या डोक्यावर जी करवतीसारखी सोंड असते तिच्या मुळाशी, कवचातून आत एक काळा डाग दिसतो. त्या डागाच्या पुढून, सोंडेखालच्या टणक कवचातून गरी आडवी काढायची. डागाला टोक लागलं की कोळंबी जागच्या जागी पांढरी पडते. मी तीन फुकट घालवल्या. चौथी जगली आणि गरीवर असताना तिने शेपटी मारली, तेव्हा मला मिल लॅक्सच्या त्या पाचव्या मिनोएवढाच आनंद झाला.

मामा गळकाठी वापरत नाहीत. तंगूस लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली, उरलेली थेट तर्जनीवर. बोय स्वस्थ असली की बोटाला सारखी टिकटिक जाणवते. मोठा मासा जवळ आला की ती एकदम वेडीवाकडी धावते, आणि ते बोटाला आधी कळतं. बर्फावरही हेच होतं, तिथे तरंगत्या बोंडावरून दिसतं. तिथला वॉलआय नावाचा मासा आणि इथला चोणक, ज्याला रायगडात जिताडा म्हणतात, दोघांचेही डोळे अंधारात चमकतात. दोघेही अंधूक उजेडात शिकार करतात.

साडेआठच्या सुमाराला माझ्या बोटावरची टिकटिक थरथर झाली. मी झटका द्यायला हात उचलला, तर मामांनी मनगट धरलं.

“थांब. अजून गिळूक नाय.”

चोणक तोंड उघडून पाण्यासकट बोय आत ओढतो, मग ती डोक्याच्या बाजूने फिरवून गिळतो. तेवढा अवधी द्यावा लागतो. मी मनात आकडे मोजले. सातला तंगूस सरळ तिवराच्या मुळांकडे निघाली आणि मामांनी मनगट सोडलं. पुढचं सगळं भरभर झालं. मासा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, रुपेरी अंग उन्हात लखकन चमकलं, परत खाली गेला. होडीत घेताना मामांनी मला हात लावू दिला नाही. कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं असतं, तंगूसही कापतं आणि बोटही. अडीच-तीन किलोचा असावा. चोणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणून मामा फार मोठा मासा पावसाळ्यात मुद्दाम धरत नाहीत. अंड्यांवरच्या मादीला हात लावायचा नाही, ही त्यांची घरची रीत.

ऊन चढलं तशी आम्ही होडी वळवली. डब्यात सात बोया उरल्या होत्या, अजून तरतरीत. मिनेसोटात उरलेले मिनो तळ्यात सोडायला बंदी आहे. दुकानातून आणलेले मासे परक्या पाण्यातले, त्यांच्याबरोबर रोग येतात, नको असलेल्या जाती येतात. म्हणून ते कचऱ्यात टाकतात. मला त्याचं दर वेळी वाईट वाटायचं, नियम पटत असूनही.

मामांनी दोरी सोडली, डबा वर घेतला आणि सकाळी जिथे पाग टाकली होती तिथेच पाण्यात कलता केला. बोया क्षणभर डब्याच्या तोंडाशी घुटमळल्या. मग एक गेली, तिच्यामागे बाकीच्या.