शेंडा खुडल्याचं मुळाला कसं कळतं?

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं दे म्हणून फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा शाळा आठवलीच नाही, आठवले हात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायची तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींचे हात काळे आणि चिकट असायचे. निपाणीच्या बाजूची गावं, त्यामुळं घरोघरी तंबाखू. कळी दिसली की शेंडा खुडायचा, मग बगलेतनं फुटवे येतात ते परत परत काढत बसायचं, आणि त्या चिकानं हात असे होतात की साबण लावा नाहीतर राख लावा, भाकरी कडूच लागते.

आठवीत मी विज्ञानाच्या सरांना विचारलं होतं, सर शेंडा खुडला की माल कडक का होतो? आप्पा म्हणायचे ताकद पानात उतरते. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला माहीत नाही गं, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव." मास्तर माणूस वर्गात माहीत नाही म्हणतो ह्याचंच मला जास्त नवल वाटलं, प्रश्न राहिला बाजूला.

पुढं धारवाडला बीएस्सी अ‍ॅग्री केलं, मग जेनेटिक्सकडं वळले, आणि तिथं कळलं की माल कडक करणारं निकोटिन पानात बनतच नाही, मुळात बनतं! 1940 च्या दशकात रे डॉसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानात निकोटिन आलं, आणि उलटं केलं, म्हणजे टोमॅटोच्या मुळावर तंबाखू, तर तंबाखूच्या पानात जवळजवळ नाहीच. म्हणजे आम्ही खुडायचो वर आणि कारखाना चालू व्हायचा जमिनीखाली.

आता हे कसं होतं ते सांगते, कारण माझी सगळी नोकरी ह्याच्याच आसपास गेली. झाडाला जखम झाली की, आणि शेंडा खुडणं म्हणजे जखमच, जास्मोनेट नावाचं हार्मोन वाढतं. निकोटिन बनवायचे जीन मुळातल्या पेशीत कायमच असतात पण एरवी ते मंद चालतात. ते जोरात चालू करणारं एक प्रोटीन आहे, एमवायसी-2, ते जीनच्या अलीकडच्या डीएनएवर ठरलेल्या जागी बसतं आणि मग त्या जीनच्या आरएनए नकला भराभर निघायला लागतात, ह्यालाच ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. पण एमवायसी-2 ला जॅझ नावाच्या प्रोटीननी धरून ठेवलेलं असतं. मळणीच्या बैलाला मुसकी घालतात ना तसं, बैल कणसावर उभा आहे पण तोंड बांधलेलं. जास्मोनेट आलं की ते सीओआय-1 नावाचं आणखी एक प्रोटीन आणि जॅझ ह्या दोघांना एकमेकांना चिकटवतं, जॅझवर उबिक्विटिनचा, म्हणजे हे मोडायचं असा, शिक्का बसतो आणि पेशीतली प्रोटीन मोडायची गिरणी त्याचा भुगा करते. मुसकी सुटली! ही जॅझ प्रोटीन 2007 साली सापडली. त्याच्या दोन वर्षं आधी, 2005 ला, ऑक्सिन ह्या झाडाच्या वाढीच्या हार्मोनचं पण असंच निघालं होतं, नावं वेगळी पण तऱ्हा तीच, अडवणाऱ्याला मोडून टाकायचं.

मला ह्यात सगळ्यात आवडतं ते पुढचं. मोकळा झालेला एमवायसी-2 ज्या जीनना चालू करतो त्यात खुद्द जॅझचे जीन पण असतात. बैल खाता खाता स्वतःच नवीन मुसकी विणायला लावतो म्हणा ना. म्हणून हार्मोन ओसरलं की सगळं परत बंद होतं, नाहीतर झाड निकोटिनच बनवत बसलं असतं आणि वाढायचं राहिलं असतं.

नोकरी लागल्यावर एकदा सरांच्या घरी गेले होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. चहा होईपर्यंत हे सगळं त्यांना सांगितलं, पेन घेऊन पेपरच्या कडेला चित्र पण काढलं. सर ऐकून म्हणाले, "ते ठीक आहे, पण शेंडा वर, मूळ खाली, निरोप घेऊन जातं कोण?"

मी म्हटलं सर, एक तर जखमेचा निरोप खाली जातोच. आणि दुसरं म्हणजे शेंड्यात ऑक्सिन बनतं आणि रोज खोडातनं खाली उतरत असतं, शेंडा गेला की ते यायचं थांबतं. फुटवे दबून असतात ते पण त्याच्यामुळंच, म्हणून तर खुडल्यावर बगला फुटतात. रोजची वस्तीची एसटी आली नाही की गावाला आपोआप कळतं ना वर कायतरी झालंय, कुणी सांगायला यावं लागत नाही.

सर हसले, आतून वही मागवली, नातवाची होती, आणि मागचं पान उघडून माझ्यापुढं केलं. "फुटवे नाही काढले तर माल परत हलका पडतो, आमच्या शेतात बघितलंय मी. त्या फुटव्यातनं पण ऑक्सिन येत असणार मग. लिही."