बीबीसी मायक्रोला पीसीचा फ्लॉपी ड्राइव्ह : माझा अनुभव

१९८४ साली सुरू झालेल्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण योजनेतून शाळांना मिळालेला बीबीसी मायक्रो हा जुना ब्रिटिश संगणक गोव्यात कुठे कपाटात सापडला, तर सव्वापाच इंची ड्राइव्हसाठी अडून बसू नका. भंगारअड्ड्यावरच्या पीसीतला साडेतीन इंची, १.४४ एमबीचा ड्राइव्ह त्याला चालतो. मी तोच लावतो. पीसीचा १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह मात्र घेऊ नये. तो मिनिटाला ३६० फेरे घेतो, मायक्रोला ३०० हवेत.

वीज देण्याआधी पॉवर सप्लाय उघडा. फिल्टरचे ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर तडकलेले असतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तड्यांतून ओल शिरली की धूर निघतो. एक्स२ दर्जाचेच, म्हणजे घरगुती विजेच्या लाइनवर चालणारे सुरक्षित प्रकारचे, नवे घाला.

खरी मेख केबलमध्ये आहे. पीसीचे ड्राइव्ह कारखान्यातूनच १२ नंबरच्या वायरवर ‘निवड’ (तुझी पाळी, असं सांगणारा सिग्नल) ऐकतात. मायक्रो शून्य नंबरच्या ड्राइव्हला १० वर हाक मारतो, एक नंबरच्याला १२ वर. म्हणून पीसी केबलचा (हिच्या टोकाजवळ काही वायरींना पीळ दिलेला असतो) पिळाआधीचा, मधला कनेक्टर वापरला की ड्राइव्ह एक नंबरचा म्हणून लगेच चालतो. पिळाच्या टोकाला लावला तर चालत नाही. पण शिफ्ट आणि ब्रेक या कळा दाबून फ्लॉपीवरून बूट करायचं, तर ते शून्य नंबरच्या ड्राइव्हवरूनच होतं. त्यासाठी साध्या ३४ वायरींच्या केबलमध्ये फक्त १० आणि १२ यांची अदलाबदल करून कनेक्टर दाबायचा. ११ ग्राउंड आहे, ती जागीच राहू द्या.

पहिल्या चाचणीला आत फ्लॉपी नकोच. केबल उलटी बसली तर सगळे सिग्नल ग्राउंडला टेकतात: दिवा सतत पेटलेला राहतो, आणि ‘लिही’ हा सिग्नलही चालू होत असल्याने फ्लॉपी पुसली जाते. ड्राइव्हच्या छोट्या प्लगात लाल ५ व्होल्ट, पिवळी १२. यांची अदलाबदल झाली तर ड्राइव्ह जळतो.

डीडी (डबल डेन्सिटी, कमी क्षमतेची) फ्लॉपी नसेल तर एचडीच्या (हाय डेन्सिटी, १.४४ एमबीच्या) जादा भोकावर चिकटपट्टी लावा, म्हणजे ड्राइव्ह तिला डीडी समजतो. ८० ट्रॅकला फॉर्मॅट केल्यावर एका बाजूला २०० किलोबाइट जागा मिळते, फायली जास्तीत जास्त ३१. जुन्या फ्लॉपीचं झाकण सरकवून, चकती फिरवून आधी बघा. बुरशी असेल तर ती आत घालू नका. ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटलेली बुरशी पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते.