एमेई शान: पायऱ्यांची वारी

दिवेघाट चढलेल्या माणसाला वाटतं आपले पाय तयार आहेत. एमेईला गेल्यावर कळतं की तयार वगैरे काही नसतं. सिचुआनमधला हा डोंगर चीनच्या चार पवित्र बौद्ध डोंगरांपैकी एक, समंतभद्र बोधिसत्त्वाचा, तिकडे त्याला फुशियान म्हणतात. चेंगडूहून ट्रेनने गेलं तर तास-दीड तासात पायथा, आणि तिथून पुढे बस आणि केबल कारने दिवसाउजेडी माथा गाठून परत येता येतं, बहुतेक जण तेच करतात. मी आणि माझी नणंद मात्र चालत निघालो, कारण ती हट्टी आहे.

सुरुवात वान्नियान मंदिरापासून. खरं सांगू, दर्शन म्हणून जे काही झालं ते इथेच झालं. चौकोनी विटांची खोली, वर घुमट, आत एकही तुळई नाही, आणि मधोमध सहा सुळ्यांच्या पांढऱ्या हत्तीवर बसलेला समंतभद्र. मूर्ती इ.स. 980 ची, कांस्याची, वजन 62 टन! विटांची ही खोली बरीच नंतरची, 1601 ची. 1946 च्या आगीत आजूबाजूच्या लाकडी इमारती गेल्या पण ही टिकली. एक आजी उदबत्त्यांचा जुडगा दोन्ही हातांनी कपाळाला लावून उभ्या होत्या, इतका वेळ की राख गळून त्यांच्या बाहीवर पडत होती, त्यांना पत्ताच नाही.

तिथून आधी खाली उतरायचं, छिंगयिन मंडपापर्यंत, जिथे दोन ओढे एका मोठ्या दगडाला येऊन धडकतात. एवढी उंची कमावली आणि सगळी घालवली म्हणून नणंद चिडली. मग होंगछुनपिंग, आणि त्यानंतर नव्व्याण्णव वळणं, नावच तसं आहे त्या वाटेचं. मी मोजली नाहीत. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, दोन्ही बाजूंना झाडी आणि धुकं, वीस पायऱ्या झाल्या की थांबायचं, पाणी प्यायचं, परत वीस. बांबूच्या डोलीवाले मागे मागे येतात, आपल्या चेहऱ्याकडे बघून भाव वाढवतात. समोरून उतरणारे लोक ओळख नसताना हात जोडून "अमितोफो" (म्हणजे अमिताभ बुद्ध) म्हणायचे, आम्ही पण म्हणायला लागलो, दम नसेल तर नुसती मान.

माकडांचं आधीच ऐकलं होतं पण पुढच्या एका मुलीच्या पाठीवर एक धिप्पाड माकड बसलं, शांतपणे सॅकची चेन ओढली, बिस्किटाचा पुडा काढला आणि कठड्यावर बसून खाल्ला, ती बिचारी हलली पण नाही. वाटेत बांबूच्या काठ्या विकतात त्या चालण्यासाठी असतील असं वाटलं होतं, त्या यांच्यासाठी पण असतात.

मुक्काम शीश्यांगछीला, म्हणजे जिथे समंतभद्राचा हत्ती अंघोळ करायचा ते तळं, उंची 2,070 मीटर. तळं अगदीच छोटं, हत्ती कसा मावला देव जाणे. मठातच झोपायची सोय, जेवण शाकाहारी, भात, कोबी, टोफू, गादी दमट. पण तेवढं चालल्यावर कुठेही झोप लागते.

माथ्याबद्दल मात्र माझं मत फार चांगलं नाही. 3,077 मीटरवर 48 मीटर उंच सोनेरी समंतभद्र, 2006 मध्ये उभारलेला, झगमगीत, आणि केबल कारने आलेली तुफान गर्दी. सगळे फोटोत. इथे 'बुद्धाचं तेजोवलय' दिसतं म्हणून लोक पहाटेपासून कड्यावर थांबतात, म्हणजे पाठीशी सूर्य, खाली ढग, आणि ढगावर आपल्याच सावलीभोवती इंद्रधनुष्याचं कडं. आपल्या हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून दिसतं ते इंद्रवज्र, तेच हे. पूर्वी म्हणे काही भक्त त्या वलयात उडी घ्यायचे, म्हणून त्या कड्याला देहत्यागाचा कडा असं नाव पडलं. आम्हाला काहीच दिसलं नाही, नुसता पांढरा ढग आणि नाकात धूर.

उतरताना सरळ केबल कार आणि बस, त्याची लाज अजिबात वाटली नाही, गुडघे माझे आहेत. खाली गावात टोफूचा रस्सा मागवला, पहिल्या घासातच जीभ बधिर. नणंद (ती मालवणची) म्हणाली, अगं हे तर तिरफळ! अगदी तेच नाही, ही सिचुआनी मिरी, पण भावंडच म्हणायचं, एकाच जातकुळीतलं झाड. तिने दुकानातून दोन मोठ्या पुड्या घेतल्या, बांगड्याच्या तिखल्यात घालून बघणार आहे.