पसरणी घाट पुन्हा तिसऱ्या गिअरवर

आमची 2005 ची टर्बो डिझेल जीप, बाबांनी घेतलेली, आठवड्यातून दोनदा तरी वाईहून पाचगणीला जातेच. पावसाळा संपला आणि हळूहळू तिचा पिकप गेला. सपाटीला कळायचं नाही, पण पसरणी घाट लागला की दुसरा गिअर, एक्सिलेटर पार खाली दाबलेला, तरी गाडी ओढत नाही आणि मागून एसटी हॉर्न मारतीय. जीव तुटायचा अक्षरशः.

आधी स्वस्तातलं करून बघितलं, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले, काही फरक नाही. एका गॅरेजमध्ये तर बॉनेट उघडून नुसतं बघितलं आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) गेलाय, नवीन टाका म्हणाले. मला पटेना, कारण रेस केली की टर्बोची शिट्टी व्यवस्थित येत होती, ऑइल कमी होत नव्हतं, निळा धूर नव्हता.

मग ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले आधी घाट चढू. शेजारी बसून सारखे आरशात मागे बघत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "एवढी दाबली तर थोडा तरी काळा धूर पाहिजे ना रे, डिझेलच वाढत नाहीय."

खाली आल्यावर टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघितला, आतबाहेर अजिबात हलत नव्हता. मग त्यांनी इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाकडे हात घातला. या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डोक्यावर डायफ्राम, म्हणजे दाबाने हलणारा पातळ पडदा असतो आणि मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा जाते त्या पाइपवरून) त्याला एक बारीक रबरी नळी येते, टर्बोचं प्रेशर त्या नळीतून डायफ्राम दाबतं तेव्हाच पंप जास्त डिझेल सोडतो. आमची नळी वरून ठणठणीत दिसत होती, पण क्लिप सरकवली तर खाली नखाएवढी चीर, वाकवली की उघडायची, सोडली की मिटायची. प्रेशर सगळं तिथूनच जात होतं!

डायफ्राम फाटलाय का तेही बघितलं, पंपाला नळीचा चांगला तुकडा लावून तोंडाने फुंकला आणि जीभ लावून धरली, दाब टिकला. डिझेल-ऑइलला टिकणारी नवीन नळी आणि दोन क्लिपा, दीडशे रुपयात काम झालं.

संध्याकाळी बाबांना घेऊन घाट चढलो, तिसऱ्या गिअरवर, आणि वळणावर जोर दिला तेव्हा आरशात हलकासा काळा धूर दिसला, एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आता इंटरकूलरचे (टर्बोतली गरम हवा थंड करतो तो) होजपाइपपण बदलून घेणार आहे, तेही त्याच वयाचे आहेत.