संघटनेच्या सचिवपदासाठी नाव दिले
आमच्या जिल्ह्यातील कुंभार कारागिरांच्या संघटनेला बरेच दिवस सचिव नव्हता, म्हणून आजच्या बैठकीत मी स्वतःहून नाव दिले. तेव्हा आयुष्यभर चाक फिरवलेल्या एका आजोबांनी एवढेच विचारले, ‘बाळा, तळ्यातला गाळ काढायची परवानगी वेळेवर मिळवून देशील का?’ पावसाळ्याआधी माती साठवली नाही, तर नवरात्रातल्या घटांपासून दिवाळीच्या पणत्यांपर्यंतचा सारा हंगाम हातचा जातो, ही त्या प्रश्नामागची काळजी मी आमच्याच घरात पाहिली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकामही आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. तरीही आमच्यातील अनेकांची नोंदणी राहून गेली. उद्या सकाळी कागदपत्रे पाहायला मी प्रथम त्या आजोबांच्याच घरी जाणार आहे.